पंखी

दोंडाईच्यात उतरलं की आधी ठसका लागतो,
मार्केटात मिरची पसरलेली असते.
बघणाऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस रडत आला.
रडत नव्हतो. पिशवीत
बोटीच्या इंजिनाचा पंप होता, चार किलोचा,
आणि कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं होतं.

दुकानाच्या पाटीवर तीन शब्द:
विक्री. दुरुस्ती. खात्री.
खात्रीच्या वेलांटीत चिमणीनं काड्या खोवल्यात.

"या पुंजूभाऊ, बोट काय म्हणते? पळते ना?"
"पळत नाही शेठ. वाहते."

बिल काउंटरवर ठेवलं, घडीवर फाटत आलेलं.
तेल, सील, मजुरी,
पाण्याच्या पंपाची पंखी, नवीन, नग एक.
सहा हजार चारशे चाळीस. रोख मिळाले. शिक्का.

त्यानंतर चौथा दिवस.
पलीकडच्या मळ्यात पपई तोडायला निघालेल्या नऊ बाया,
एकीच्या कडेवर पोर, एक शेळी, एक मी.
पुलावरून जायचं तर सोळा किलोमीटरचा वळसा,
म्हणून माझी बोट.
मधोमध आलो आणि जळक्या रबराचा वास.
तापी गारच होती. तापलं ते इंजिन.
मग बंद.

इंजिन बंद पडलं की नदी ऐकू येते.
बारा वर्षं या धंद्यात,
तो आवाज ओळखीचा वाटला नाही.
खाली बॅरेजचे दोन दरवाजे उघडे होते त्या दिवशी.
कुणी किंचाळलं नाही. नर्मदीनं चप्पल काढली
आणि चपलेनं पाणी मारायला लागली.
मग सगळ्याच. हातानं, क्रेटनं, डब्याच्या झाकणानं.
पोर हसत होतं, त्याला खेळ वाटला.

काठाच्या बेशरमच्या झुडपात अडकलो.
शेठ, त्या झुडपाला आम्ही उगाच तसलं नाव ठेवलं.

शेठनं ऐकून घेतलं. पंखा एक नंबरनं वाढवला.
"गाळ फार असतो हो तुमच्या पाण्यात.
तापीमायलाच गाळ, तिथं आम्ही काय करणार?"
म्हणजे आरोपी नदी.
मग जरा पुढं वाकून, आपुलकीनं,
"कुणाला काही झालं का?"
नाही.
"मग?"

या *मग*चं उत्तर मी बसमध्ये पाठ करून आलो होतो.
ऐन वेळी एकही वाक्य आठवलं नाही.

पंप उघडला. पंखी काढली, काचेवर ठेवली.
सहा पाती, दोन तुटलेली, एक वितळलेलं,
आणि मधल्या गोलावर लाल ठिपका.

इंजिन दुरुस्तीला टाकायच्या आदल्या रात्री
मथुरा म्हणाली होती, "खून करी ठेव, मंग दे त्यासले."
आमच्यात जाळ्याच्या बोयांना खूण करतात,
कुणाचा बोया कुणाचा, भांडण नको.
रंग नव्हता घरात. तिनं लेकीची नेलपॉलिश आणली,
फुंकर मारून वाळवली,
जशी नखांवर मारतात.

"शेठ, नवीन पंखीवर माझ्या लेकीची नेलपॉलिश कशी आली?"

रमजान मिस्त्री कोपऱ्यात पाना पुसत होता.
पाना स्वच्छ होता. तरी पुसत होता.
शेठनं चष्मा काढला, घातला,
चहा सांगितला.
"पुढच्या खेपेला मजुरी माफ. जुना माणूस आहेस तू."

पुढची खेप.
नऊ बायांना हे कसं सांगू?
त्यातल्या चार जणी आता सोळा किलोमीटर चालत वळसा घेतात.

मी म्हणालो, पैशाचं नंतर बघू.
याच बिलाच्या पाठीवर एक ओळ लिहा:
पंखी बदलली नव्हती.
खाली सही. आणि शिक्का तोच,
पैसे घेताना मारला होता तो.

"असं लिहून देतं का कुणी?"

चहा आला. साय धरली.
साडेचारची बस गेली, सहाची असते,
त्यानंतर मुक्कामाची.
दुकानात गिऱ्हाईक येतं, काचेवरचा ठिपका बघतं,
माझ्याकडं बघतं, शेठकडं बघतं.
शेठ दर वेळी पेन उचलतात,
कानाला लावतात,
खाली ठेवतात.