डिम्फ्ना हाका मारते

गॉर्ट गावात दातांचा दवाखाना एकच.
खाली लोकरीचं दुकान, वर आम्ही,
गाल धरून बसलेले.
काचेआड डिम्फ्ना हॅनरॅटी,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात यादी.
यादी कसली, काटेरी कुंपणच ते.
रोज सकाळी स्कर्ट सावरून
ती त्यावरून उडी मारायची
आणि रोज अडकायची.

"जोअन!" ती ओरडली, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा.
कुणी बाई उठेना.
"जोअन टॅक्सी-एरा!"
दोघे खिडकीशी गेले, टॅक्सी कुणाची ते बघायला.
शेवटी मीच उठलो, मिशीसकट.
मांसाच्या कारखान्यात अख्खा बैल खांद्यावर घेणारा मी,
माझं नाव झुआँव.
सोपं आहे हो,
शेवट तेवढा नाकातून सोडायचा,
सर्दी झाल्यासारखा.

माझ्या मागे ग्झेगोश प्श्चूउका,
छपरं दुरुस्त करणारा, दारात वाकून शिरणारा.
त्याच्या भाषेत आडनावाचा अर्थ चिमुकली मधमाशी.
डिम्फ्नाने श्वास घेतला.
"ग्रिझ… ग्रेग… पिझ…
पिझ्झा-चोल्का?"

एका सकाळी टॅक्सीही आली, पिझ्झाही आला,
आणि दात काढायला आलेले आम्ही
नुसतेच दात काढत बसलो.

तिचीही बाजू होती म्हणा.
"एका माणसाला इतकी व्यंजनं लागतात कशाला?
दोन-चार स्वर मागायचे होते आमच्याकडून,
आमच्याकडे पोत्यांनी पडलेत."

ते खरं निघालं, मार्चमध्ये,
डिम्फ्नाची स्वतःचीच दाढ ठणकली तेव्हा.
ती आत खुर्चीवर, आ वासून,
आणि काचेआड व्हियोलेता,
ग्झेगोशची भाची, आयर्लंडात येऊन तीन आठवडे.

"ताद्-हग!" व्हियोलेता म्हणाली. खणखणीत.
कुणी हललं नाही.
"निआम्ह!"
शाळेच्या बाईंनी विणकामाचे टाके मोजले.
"का-ओ-इल्फ-हि-ओन्न!"
हे तर एखाद्या बेटाचं नाव वाटलं,
बोटीशिवाय जाता न येणाऱ्या.

शेजारचा म्हातारा टायग,
गालाचा भोपळा झालेला,
माझ्या कानाशी वाकला.
"बिचारा कोण रे हा ताद्हग? नॉर्वेचा असेल.
तास झाला हाका मारतायत,
आणि माझा नंबर काही येत नाही."

मी यादीत डोकावलो.
मग त्याच्याकडे पाहिलं.
मग पुन्हा यादीत.
"आजोबा," म्हटलं, "नॉर्वेचे तुम्हीच."

मग काय विचारता!
शाळेच्या बाई नीव होत्या, कोपऱ्यातली पोर कीलिन,
आणि व्हियोलेता रडकुंडीला येऊन विचारत होती,
"नीव म्हणायचं, तर म आणि ह लिहिता कशाला?
चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवायला?"
यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.
टायग म्हणाला, पूर्वी होतं, पण ते सांगणारा मास्तर वारला.

तेवढ्यात दार उघडलं.
डिम्फ्ना बाहेर आली,
डाव्या गालात कापूस, ओठ लोंबता,
अर्धं तोंड अजून भुलीत.
हा गोंधळ बघून तिने यादी हिसकावली,
बोट ठेवलं, डोळे मिटले,
आणि सुन्न ओठांतून, थुंकीच्या बारीक तुषारांसह,
आपोआप, घरंगळत निघालं,
"ग्झे…गोश
प्श्श्श्चूउका."

खोलीत टाचणी पडली असती तर दिसलीसुद्धा असती.
ग्झेगोश उठला. टोपी काढली.
सहा वर्षं या गावात तो पिझ्झा होता.
तो काचेशी गेला, आणि अगदी हळू म्हणाला,
"बाई, भूल उतरू देऊ नका."

डिम्फ्ना अर्ध्या तोंडाने हसली,
दुसरं अर्धं तिच्या ताब्यात नव्हतं.
मग तिने माझ्याकडे पाहिलं.
मी सावरून बसलो, मिशी नीट केली.
आज होणार, वाटलं.

पण नाक तिचं शुद्धीवर होतं.
"जोअन," ती म्हणाली.

मी उठलो.