फाटकापासून पायरीपर्यंत

फाटकापासून पायरीपर्यंत अकरा मीटर वीस.
भूमापन खात्यात एकतीस वर्षं साखळी ओढली,
माझ्याच घराच्या तोंडाचं माप
डोळे मिटूनही सांगेन.

भाचीनं पणजीहून नकाशा पाठवला, रंगीत:
सरळ वाट, दोन्ही अंगांना छाटलेली हिरवी कुंपणं,
मधोमध कारंजं, फाटकावर दोन दिवे.
चांगला होता. फक्त त्यात
येणारं माणूस कुठंच नव्हतं.

प्रेमावती म्हणाली, वाट आखू नका इतक्यात.
माती दंताळ्यानं सारखी करा, पाणी मारा,
महिनाभर बघा कोण कुठून चालतं ते.

मग रोज चहाआधी
मी अंगण वाचू लागलो.

मिंगेल पोदेराच्या सायकलची रेघ
फाटकातून शिरते ती थेट डावीकडे,
स्वयंपाकघराच्या खिडकीशी.
उंडे तिथंच घेतले जातात, उधारीही तिथंच.
सांतानीन मासळीवालीची टाच खोल,
डोक्यावरच्या पाटीचं वजन मातीत उतरलेलं;
परतताना तीच पावलं उथळ.
शेजारच्या मुलीची उडी, उडी, आणि थांबणं
चाफ्याखाली, जिथं फुलं पडतात.
मांजर कुणाच्याच वाटेनं जात नाही.

तशीच केली मग वाट. चिऱ्याची,
चाफ्यापाशी कलणारी, खिडकीकडे एक फाटा.
तुळस हलवली नाही, वाटच तिला वळसा घालून गेली.
क्रोटन प्रेमावतीच्या हट्टाचे.
कडेनं अबोली. हे नाव उच्चारताना
हल्ली मी जरा अडखळतो.

कारण एक ठसा उरला होता.
रबरी चपलेचा, डावी टाच झिजलेली.
फाटकाच्या बाहेर दोन पावलं, शेजारी शेजारी,
घराकडे तोंड करून,
बराच वेळ उभी असावीत इतकी रुतलेली.
मग पाठमोरी.
आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

ती टाच मला ठाऊक आहे.
चौदाव्या वर्षी माडावरून पडून उजवा पाय मोडला,
तेव्हापासून थोरला उल्हास डाव्यावर भार देतो.
सोळा वर्षांपूर्वी मागच्या कुळागराची हद्द मोजताना
मी सव्वा हात बरोबर होतो.
कागद माझ्या बाजूनं. दगडही मीच रोवला.
त्या सव्वा हातात आज एक पोफळ आहे,
तिला अजून शिपटं धरलेलं नाही.

फाटक रुंद करावं? काढूनच टाकावं?
दिवे लावले तर तो उजेडात उभा राहणार नाही.
ज्याला आत यायचंच नाही
त्याचं स्वागत कसं आखतात,
हे खात्यात कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी बोरीच्या रस्त्याकडची भिंत
एका जागी दीड मीटर मागे घेतली, माझ्याच जमिनीत,
आणि बाहेरच्या अंगाला सोपो बांधून घेतला,
दोघांना पुरेल एवढा लांब.
गवंडी कायतान म्हणाला, रस्त्याला जागा सोडता, भाऊ?
म्हटलं, सोडतो.

परवा पहाटे बाहेर गेलो.
सोप्यावर दंव पडलं होतं, सगळीकडे सारखं,
फक्त एका टोकाला
बसल्या माणसाएवढी जागा कोरडी.
टेप खिशात होती.
काढली नाही.
दुसऱ्या टोकाचं दंव पंच्यानं पुसलं, टेकलो.
चिरा थंड होता, चांगलाच.

तेवढ्यात मिंगेल आला,
मला बघून भोंगा वाजवायचं राहूनच गेलं त्याच्याकडून,
आणि आज उंडे त्यानं
फाटकाबाहेरच माझ्या हातात दिले, गरम.
नेहमीचे चार.
मी आणखी दोन मागून घेतले.