एकशे दहा पौंड आणि बारा हॅडॉक

दुकानातला पोरगा म्हणाला, ह्या अँपचा खर्ज बघा.
आणि खरंच, एकच तार छेडली तर
पोटात कुणीतरी जड दार लोटल्यासारखं झालं.
किंमत विचारली. दार बंद.
दिवसभर माशांना धुरी देणाऱ्या हातांनी
मी दुकानाची गिटार परत खुंटीला लावली,
तारांना वास राहू नये म्हणून
बाहीनं पुसूनसुद्धा दिली.

माझ्याकडे एकशे दहा पौंड,
एक जुना बेस, मान किंचित वाकडी,
माझीही तशीच, त्यामुळे आमचं जमतं,
आणि शनिवारी ट्रॉलरवाल्यांच्या क्लबात कार्यक्रम.
आधीचा अँप गेल्या महिन्यात गेला
एका लग्नात, केक कापायच्या ऐन वेळी,
पादल्यासारखा आवाज करून.
नवरी अजून बोलत नाही माझ्याशी.

हलमध्ये स्वस्त मिळतं ते बहुतेक
स्वस्तच वाजतं.
मंगळवारी एक पाहिला,
उचलायला हलका, आवाज डब्यात अडकलेल्या माशीचा.
गुरुवारी गहाणवटीच्या दुकानात दुसरा,
आवाज देखणा, पण जिना चढवायला
माझ्यासारख्या तीन बायका आणि एक पश्चात्ताप लागला असता.
कीथ, आमचा ड्रमर, म्हणतो, कोण ऐकतं गं बेस?
हे तो माणूस म्हणतो
जो मी अर्धा ठोका थांबले तर
गल्ली चुकलेल्या टपालवाल्यासारखा बघतो.

मग मासे सोलणाऱ्या जॉयनं सांगितलं,
स्टॅथर्सबाईंना फोन कर.
वॉल्ट स्टॅथर्स जाऊन सहा वर्षं झाली,
त्याचा अँप अजून कबुतरांच्या खुराड्यात आहे.

खुराड्यात कबुतरं नव्हती.
बाईंनी ती बेव्हर्लीला विकली,
दोन परत आली,
ती पुन्हा विकली.
अँपवर दाण्यांचं पोतं, पोत्यावर मोडकी छत्री.
मी केबल जोडली. लाल दिवा
जरा विचार करून लागला.

सगळ्यात खालची तार. एकच सूर, सुटा.
आधी आला तो धुळीचा वास.
मग खिडकीची काच,
मग बाईंच्या हातातली बशी,
मग माझ्या टाचेखालची फळी,
एकेक करून सगळे हो म्हणाले.
गोल, काळसर सूर,
आणि कडेला थोडी खरखर,
पावाच्या जास्त भाजलेल्या कडेसारखी,
जी आधी मीच तोडून खाते.

बाई बराच वेळ बशीकडे बघत राहिल्या.
आता येणार, मला वाटलं, ते वाक्य,
घेऊन जा बाळ, पैसे नकोत.

"एकशे तीस," बाई म्हणाल्या.
फोनवर तर शंभर म्हणाला होतात.
"फोनवर मी तो ऐकला नव्हता."

घासाघीस झाली, चहा झाला, पुन्हा घासाघीस.
शेवटी एकशे दहा आणि बारा हॅडॉक,
धुरी दिलेले, दर शुक्रवारी दोन.
"मोठे आण. तू ब्लेंकिनची पोर ना?
तुझा बाप वजनात मारायचा."
मारायचा. मी काही बोलले नाही.
अँप दोघींनी मिळून गाडीत चढवला,
बाईंनी त्याला सीटबेल्ट लावला.

शनिवारी पहिलं गाणं, पहिला खर्ज,
आणि अँपच्या पोटातल्या भोकातून
एक करडं पीस उडालं,
दिव्याखाली गिरकी घेत
कीथच्या बिअरमध्ये जाऊन बसलं.
कुणी पाहिलं नाही. लोक नाचत होते.
म्हणजे आपण नाचतोय असं त्यांना वाटत होतं,
गुडघे त्यांचे मी हलवत होते,
भिंतीजवळ उभी राहून, जवळजवळ अंधारात.

दुसऱ्या गाण्याला आणखी एक पीस.

दहा हॅडॉक बाकी आहेत.