दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कव्हरच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने
बापाने आपलं नाव घातलंय : डेलमार हचेन्स.
चर्चच्या जेवणाला नेलेल्या भांड्यावर घालतात तसं,
फिरून घरी यावं म्हणून.

फोटोत गिटारवाला, डेनिमचं जाकीट,
मागे विटांची भिंत.
लहानपणी आम्हाला वाटायचं,
ही आपल्याच गिअर कारखान्याची.
असेलही. इंडियानात विटांना काय तोटा.

रात्रपाळीहून तो सातला यायचा
आणि बूट न काढताच तबकडी लावायचा.
आई अंडी तळत असायची,
आमची शाळेची बस चुकायच्या बेतात.
दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात
सुई अडकायची
एका अर्ध्याच शब्दावर, अर्ध्याच शब्दावर, अर्ध्याच,
चिखलात चाक रुतावं तशी.
मग बाप खुर्चीतून न उठता
पोलादी टोकाचा बूट फळ्यांच्या जमिनीवर आपटायचा
की सुई उडी मारून थेट पुढच्या कडव्यात.

तो चरा वेन्डेलचा.
टेक्ससला तेलाच्या कामावर निघाला त्या संध्याकाळी
त्याने दार असं ओढलं
की कपाटातल्या बशासुद्धा बोलल्या.
बाप काहीच बोलला नाही.
नवी तबकडी सात डॉलरला मिळत होती.
आणली नाही.

हळूहळू आम्हा सगळ्यांनाच पाय आपटता यायला लागला,
आईला तर ओट्याशी पाठमोरी असताना.
पाहुणे दचकायचे.
कारखान्याला कुलूप लागलं
तरी सकाळी बूट चढवून तो बसायचा
त्या जागेची वाट बघत.

आता घर विकायला काढलंय.
काल भिंतींसाठी रंग बघायला दुकानात गेले,
पांढऱ्याचेच अकरा प्रकार,
आणि छतातल्या स्पीकरमधून तेच गाणं.
मी पट्ट्या चाळत होते.
नेमक्या जागी
माझा पाय धाडकन खाली आला.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, झुरळ होतं का?

गाणं अडलंच नव्हतं.
इतकी वर्षं ज्यांच्यावरून आम्ही उड्या मारल्या
त्या दोन ओळी
मी पहिल्यांदा ऐकल्या.
तसं विशेष काही नाही त्यात.
कुणीतरी दारातून कुणालातरी विचारतंय,
जेवून जातोस का.

मी पोरीला म्हटलं, हो.
झुरळच होतं.