खोडाला तोंड नसतं

पंधरा दिवस मी रोज एक तांब्या
थेट बुंध्याशी ओतत होते,
पिंडीवर ओततात तसा.
पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा दोन तांबे.

घाडी एवढंच म्हणाले होते, "निरफणसाकडे बघशील ना?"
आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले.
मी बघितलं.
बघण्यात माझी काही कसूर नव्हती.

परतले ते काळा चष्मा लावून.
वाकायचं नाही, डोळ्यात थेंब जाता कामा नये.
पंपाच्या खोलीशी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसले,
एक पान मागितलं, अंगठ्यानं चोळलं:
"बुडवलंस गो तेका."

मला वाटलं होतं, तहानलंय.
दोन्हीचा रंग पिवळाच,
हे कोणी सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षं ते महापालिकेत चावीवाले.
भांडुपच्या कुठल्या गल्लीत पहाटे चार चाळीसला,
कुठे रात्री अकरानंतर,
किती आटे फिरवले की टेंभीपाड्याच्या चढावर
शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार चढते,
ते अजून त्यांच्या मनगटात आहे.
लोकांनी शिव्या दिल्या, चहा दिला.
एका बाईनं मुलीच्या हळदीला
अर्धा तास जास्त मागितला होता.
दिला का, ते सांगत नाहीत.

आता हाताखाली एकच कनेक्शन.

"खोडाक पाणी घालू नको. थंय तेचा तोंड नाय."
मग कुठे?
फांदीच्या टोकाचं पान बघायचं,
त्याच्यावरून थेंब ओघळला तर जिथे पडेल, तिथे.
तिथे पेव्हर ब्लॉक होते.
पहारीनं आम्ही अकरा उचकटले, म्हणजे मी उचकटले,
ते खुर्चीतून आकडा मोजत होते.
सेक्रेटरी गडा धावत खाली आले, पार्किंगची रेघ मोडली म्हणून.
घाडी उठलेसुद्धा नाहीत.
"शटडाऊन आहे," म्हणाले, "काम झालं की बुजवू."
गडांना तो शब्द माहीत होता.
वर जाऊन त्यांनी पिंप भरून ठेवलं.

बुंध्याशी मातीचा उंचवटा, भोवती रुंद आळं,
आळ्यात त्याचीच गळलेली पानं,
वाळून चपलेच्या चामड्यासारखी झालेली.
तीन बादल्या, मगानं, सावकाश,
एक जिरल्याशिवाय दुसरी नाही.
मग तीन दिवस काहीच नाही.
चौथ्या दिवशी बोट घालायचं, दोन पेरं.
ओल लागली तर परत जायचं.

हे परत जाणं मला जमत नव्हतं.
आमच्याकडे पाणी पाऊण तास येतं,
त्यातलं वाचवून खाली आणलेली बादली,
तांदूळ धुतलेलं गढूळ पाणी,
कडी हातात रुतलेली,
आणि झाड म्हणतंय, आज नको.
एकदा ती जिन्यातच ठेवून आले.
गडांनी तिच्यात स्कूटर धुतली.

मे महिन्यात मुठीएवढं एक फळ गळलं.
घाडींनी ते तळहातावर तोललं,
देठाचा चीक बोटाला लावून पाहिला, आणि खुर्चीखाली ठेवलं.
दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होतं, मुंग्यांसकट.

एक लोखंडी गज आहे त्यांच्याकडे,
रिटायर होताना परत करायला हवा होता.
रस्त्याखालची गळती ऐकायचा.
बादली संपली की तो आळ्यात टेकवतात,
दुसरं टोक मी धरायचं, कानाशी.
पहिल्या वेळी मला ऐकू आला सोसायटीचा पंप,
दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सर,
रिव्हर्स घेणारी गाडी.

आज त्या सगळ्याच्या खाली काहीतरी होतं,
वर्तमानपत्र भिजताना होतो तेवढाच आवाज.
माझंच रक्त असेल कानातलं.
तरी म्हटलं, "जातंय."

घाडींनी मान हलवली.
चष्मा न काढता, काठीच्या टोकानं
आळ्याची दुसरी कड दाखवली,
भिंतीकडची:
"थंय अजून पोचला नाय."