घमेल्यातला पूर

पाणी येतं पावणेसहाला, जातं साडेसहाला.
तेवढ्यात पिंप, हंडे, टोप, कुकर,
पाहुण्यांचा थर्मास सुद्धा भरून ठेवायचा
ही आमच्या श्रमिकनगरची रीत.
त्यातून एक घमेलं मी बाजूला काढतो.
सिमेंटचं, कडेला पोचे आलेलं,
मोरी दुरुस्त केली तेव्हाचं.
सुवर्णा बघते, काही बोलत नाही.
मग बोलते :
"एक घमेलं म्हणजे दोन वेळची भांडी."

कंपनीत माझं काम मापाचं.
मायक्रोमीटर हातात, दिवसाला चारशे बुश,
भोक केसभर मोठं निघालं
की माल लाल डब्यात.
घरी दाभण गॅसवर तापवून
बाटलीच्या बुडाला भोकं पाडतो
तर एक इकडे, एक तिकडे,
एक थेट माझ्या अंगठ्याला.
शमिका मोजते : एक, दोन, पाच, अकरा.
सगळी पास.

बाटली भरून झाकण आवळलं की धारा थांबतात,
सैल केलं की सुरू.
हे कळल्यापासून ती नळवाले काका झालीय.
अख्ख्या सातपूरचं पाणी
सोडते, तोडते, सोडते,
शेजारचा हुजैफा बादली घेऊन रांगेत उभा.
तिच्याकडे शनिवारची कपात नाही.

द्राक्षाच्या पेटीच्या थर्माकोलची होडी केली,
मागे रबरात अडकवला आइस्क्रीमचा चमचा.
पंचवीस आटे पिळून सोडली,
तर निघाली उलटी.
मी आटे उलगडायला घेतले.
"राहू दे ना बाबा, रिव्हर्स घेतेय ती."

पेनाच्या टोपणाला कणकेचा गोळा लावून केला पाणबुड्या.
बाटली काठोकाठ भरायची, त्याला आत सोडायचं.
दाबली की तो तळाला,
हात काढला की वर.
हुजैफानं विचारलं, "याला श्वास कुठून?"
सांगितलं, टोपणात थोडी हवा अडकलीय,
तेवढ्यावर जातो-येतो.
आणि का कोण जाणे,
सेकंड शिफ्टची चहाची दहा मिनिटं आठवली.

मागच्या ऑगस्टमध्ये गोदेचा पूर बघायला
शमिकाला खांद्यावर घेऊन पुलावर गेलो होतो.
तिला पाणी फारसं आठवत नाही.
आठवतं ते लोकांचं विचारणं :
"दुतोंड्याच्या कुठवर आलंय?"
म्हणून क्रीमच्या दोन रिकाम्या बाटल्या
पाठीला पाठ लावून एम-सीलनं जोडल्या,
दोन्हीकडे मार्करनं डोळे, मिशा
(मारुतीला मिशा नसतात, हे तिला मान्य नाही),
आणि उभा केला घमेल्यात.

आता मगानं पूर येतो.
"गुडघ्याला लागलं!"
हुजैफा जिन्यानं बातमी घेऊन पळतो.
"कमरेला!"
तिसऱ्या मजल्यावरून चव्हाणके काकू
वाळवणाची चादर झटकता झटकता विचारतात,
"कुठवर गं?"
"छातीला!"
"अगं बाई! मग दुकानं उचला रे, माल वर चढवा!"
खाली स्कूटर पुसणारे त्यांचे मिस्टर
खरोखरच स्कूटर दोन फूट मागे घेतात.
छातीच्या वर मात्र पूर चढला नाही.
मग रिकामा झाला होता,
पिंपाकडे बघितलं तर
सुवर्णा झाकणावर बसून लसूण सोलत होती.

संध्याकाळी घमेल्यातलं पाणी
आधी फरशीला, मग पेंटच्या डब्यातल्या कढीपत्त्याला.
गाळणीत सापडले
दोन रबर, एक साबुदाणा,
आणि पाणबुड्याची सुटलेली कणीक.
रात्री सेकंड शिफ्टहून आलो तर
स्वयंपाकघरात दिवा.
सुवर्णानं टोपणाला नवा गोळा लावला होता,
बाटली ओट्याशी धरून दाबत होती.
खाली. वर.
मला बघून म्हणाली, "गळते का बघत होते."
खिडकीत दुतोंड्या,
एक तोंड आमच्याकडे,
एक नळाकडे.