नालबंदाला कुणी विचारलं न्हाई

सदलग्याच्या माळावर शर्यत सुटून तास झाला,
निकाल अजून मांडवातच अडकलाय.
माईक दोनदा मराठीत खाकरला, एकदा कानडीत,
'यारू गलाटे माडब्याडरी' म्हणाला
आणि गलाटा वाढला.

मी हितं बाभळीखाली. मांडीवर कानस,
पुढ्यात तपकीर.
तपकीर म्हंजे घोडी. रंगावरनं नाव पडलं,
निपाणीच्या माणसानं ठेवलं, दुसरं कोण ठेवणार.
मानेएवढ्या अंतरानं हरली ती.
का जिंकली. तेच तर चाललंय.

लोक म्हणतात पंच खाल्लेला हाय.
नेमगोंडा पंच?
त्या माणसानं स्वतःच्या भाच्याची गाडी बाद केलीया,
बहिणीनं चार वर्षं दिवाळीला बोलावलं न्हाई.
खाल्लेला न्हाई. आंधळा होता,
साडेचार ते पावणेपाच, पंधरा मिनिटं.
पाहुण्यांच्या तोंडावर ऊन नको
म्हणून मांडव मावळतीला घातला,
मग पंचाची खुर्ची आली समोर, उगवतीला.
दोन कळकांच्या मधनं सूर्य सरळ त्याच्या डोळ्यात.
निशाण त्यानं सावलीवर पाडलं.
सावली कुठल्या घोड्याची,
हे सावलीला तरी कुठं ठाऊक असतंय.

लोक म्हणतात भरमा विकला गेला.
शेवटच्या वीस पावलांत लगाम का ओढलास, बोल.
पोरगं बोलत न्हाई.
सतरा वर्षांचं. वजन भरू नये म्हणून
तीन दिवस चहा आणि बटर,
काल रात्री तेपण अर्धंच.
ज्याला विकत घ्यायचं
त्यानं आधी त्याला भाकरी तरी दाखवायची.

मैदान कमिटीचं मी काय सांगू.
फेटे चांगले होते.
मुरूम दोन ट्रॉल्या लिहिला, दीड पडला,
ते चालतंय, सगळीकडं चालतंय.
पण टँकर?
अख्खा माळ कोरडा ठणठणीत ठेवून
पाणी मारलं फक्त मांडवापुढं,
पाहुण्यांच्या इस्त्रीवर धूळ नको म्हणून.
दगडासारख्या जमिनीवरनं सुटलेलं जनावर
ऐन रेघेपाशी शेवाळावर आल्यागत आलं.

तिथंच मागचा डावा पाय सरकला.
चिखलात हातभर ओरखडा हाय,
जाऊन बघा, अजून हाय,
माझ्या नालेची सही हाय त्याच्यावर.
भरमाला ते बुडाखाली कळलं,
पंचाच्या, पाहुण्याच्या, माईकच्या आधी.
ओढला त्यानं लगाम.
ढाल गेली, घोडीचा पाय राहिला.

हे मी उठून सांगायला पायजे.
चाळीस पावलांवर मांडव हाय.

पण सांगायला गेलो
तर कुणीतरी विचारणार, नाल कसली होती, दस्तगीर?
मालक म्हणाला होता, नव्या कशाला,
मागच्या जत्रेतल्या घास आणि ठोक.
मागच्या डाव्याची कड पातळ झालेली,
अंगठ्याला लागत होती.
मी म्हणालो, एवढी शर्यत निघंल.
दीडशे रुपये घेतले.
पंचाचं ऊन, कमिटीचं पाणी,
आणि मधे माझी झिजलेली कड.

माईक पुन्हा खाकरला. निकाल उद्या, म्हणे.
गर्दी शिव्या वाटून घेत उसाच्या वाटेनं गेली.

भरमा आला. ओठ फाटलेला,
कुणीतरी हात उचलला असणार.
माझ्याशी बोलला न्हाई.
वाकून तपकिरीचा पाय त्यानंच उचलला,
गुडघ्यात धरला,
आणि नालेच्या त्या कडेवरनं
हळू अंगठा फिरवला.
मग माझ्याकडं बघितलं.

मी चिमटा त्याच्या हातात दिला.
खिळे मीच काढले, म्हणा. पण दिला.